खड्याची खतावणी

मूतखडा झालेल्या माणसाला दोन प्रकारच्या कळा सोसाव्या लागतात. पहिली पाठीतून निघते आणि जांघेपर्यंत जाते. दुसरी कानातून शिरते, तिला सल्ला म्हणतात. पहिलीवर निदान इंजेक्शन तरी आहे.

मला पाच मिलिमीटरचा खडा झाल्याची बातमी आमच्या शाखेत पगारवाढीच्या बातमीपेक्षा जलद पसरली. कॅशियर म्हणाले, "टोमॅटो बंद! त्याच्याच बिया तिथं जाऊन बसतात." आता पोटातून मूत्रपिंडात बी जाईल असा रस्ताच नाही, आणि खडा धरणारं ऑक्झलेटही टोमॅटोत बेताचंच असतं. पण कॅशियरला कोण सांगणार! शेजारचे काका म्हणाले, "दूध बंद! खडा कॅल्शियमचा, दूध कॅल्शियमचं. साधा हिशेब आहे." एकानं बीअर सुचवली आणि सोबत यायची तयारीही दाखवली. सगळ्यांचं ऐकलं असतं तर ताटात फक्त ताट उरलं असतं.

डॉक्टरांनी मात्र काहीच बंद केलं नाही. त्यांनी एक कॅन हातात दिला आणि चोवीस तासांची लघवी त्यात गोळा करायला सांगितली. त्यासाठी रविवार धरला, तर नेमके पाहुणे आले. त्यातल्या एकानं कौतुकानं विचारलं, "घाण्याचं तेल का हो?" तेव्हा कुठे हिनं तो कॅन न्हाणीघरात हलवला.

रिपोर्ट आला आणि मी थक्क झालो. इतकं चोख पासबुक आमच्या बँकेनंसुद्धा कधी भरून दिलेलं नाही! कॅल्शियम, ऑक्झलेट, सायट्रेट, यूरिक ॲसिड, सगळ्यांचे रकाने. हिच्या नजरेतून सुटलेली लोणच्याची फोड सोडियमच्या रकान्यात बरोबर जमा होती.

डॉक्टरांनी खतावणी समजावून दिली ती अशी. बहुतेक खडे कॅल्शियम आणि ऑक्झलेट यांच्या लग्नातून जन्मतात. हे लग्न आतड्यात लागलं तर वऱ्हाड मागच्या दारानं निघून जातं, त्रास नाही. दूधच बंद केलं तर पालकातलं, चहातलं, बदामातलं ऑक्झलेट सडंफटिंग राहतं, रक्तात शिरतं आणि मूत्रपिंडात येऊन स्थळ शोधतं. म्हणजे आमची आजी पालक ताकातला करायची तेव्हा रसायनशास्त्रच शिजवत होती. मीठ हा आणखी एक उपद्रवी पाहुणा. जाताना तो कॅल्शियमला हाताला धरून लघवीत नेतो. लिंबातलं सायट्रेट मात्र सज्जन. ते कॅल्शियमला गप्पांत गुंतवतं आणि लग्न मोडतं. आपण त्याच सरबतात चमचाभर मीठ टाकतो, म्हणजे एका हातानं जमा, दुसऱ्या हातानं नावे.

काकांच्या साध्या हिशेबाचं ऑडिट इटलीत झालेलं आहे. खडे पुन्हापुन्हा होणाऱ्या 120 पुरुषांचे दोन गट करून पाच वर्षं पाहिलं. 60 जणांचं कॅल्शियम तोडलं, त्यातल्या 23 जणांना परत खडा झाला. बाकीच्या 60 जणांना नेहमीइतकं कॅल्शियम देऊन मीठ आणि मांसाहार कमी केला, त्यातल्या 12 जणांना झाला. हे 2002 साली छापून आलं. काकांपर्यंत अंक पोचायचा आहे.

सगळ्यात महत्त्वाचा रकाना मात्र पाण्याचा. पाक आटला की कडेला खडी धरते, तसंच हे. लघवी दिवसाला अडीच लिटर व्हायला हवी. प्यायलेलं अडीच लिटर नव्हे, झालेलं! कारण उन्हाळ्यात घाम आपला टीडीएस आधीच कापून घेतो.

"पाणी प्या" असं सांगायला कुणाचं काही जात नाही. जातं ते पिणाऱ्याला, आणि तेही तासातासाला. माझ्या शेजारच्या काउंटरवरच्या बाई सकाळी घरून भरलेली बाटली आणतात आणि संध्याकाळी तशीच भरलेली परत नेतात. कारण बायकांच्या स्वच्छतागृहाला कुलूप, किल्ली शिपायाकडे आणि शिपाई कायम पोस्टात गेलेला. आमच्याकडे लॉकर उघडायला दोन किल्ल्या लागतात, पण त्या वेळेवर सापडतात तरी! खडा एकदा होऊन गेलेल्या माणसाकडे तो पुन्हा यायची धास्ती असतेच. या बाईंचा तर एक होऊन गेलेला आहे.

मी रीतसर अर्ज केला. विषय: मूतखडा प्रतिबंधक उपाय. विनंती: सदर किल्ली काउंटरजवळ खिळ्याला टांगावी. साहेबांनी शेरा मारून तो परत पाठवला, "अर्जदारानं टोमॅटो टाळावेत."

शेवटी एकदा शिपाई पोस्टातून आलेला गाठला आणि नाक्यावरच्या किल्लीवाल्याकडून दुसरी किल्ली करून आणली. आता ती बाटली संध्याकाळी रिकामी घरी जाते.