दोन आकड्यांचा बँजो

बॉस्टन

प्रिय दादा,

मी घेतलेल्या बँजोचं धड एकाचं आणि मान दुसऱ्याची, मग त्याला जुना कसं म्हणायचं, असं तू विचारलंस. रास्त आहे. विकणाऱ्यानं हे लपवलं असतं तर मी हातही लावला नसता. पण त्यानंच बँजो उलटा करून आतले आकडे दाखवले. धडाच्या गोल लाकडी कड्याच्या आतल्या बाजूला एक क्रमांक ठोकलेला आणि मानेच्या दांडीपासून कड्याच्या आरपार जाणाऱ्या लाकडी दांडक्यावर दुसरा. मुळात दोन्हीकडे एकच असायला हवा. किंमतही त्यानं त्या हिशेबानंच लावली.

कडं आहे फेअरबँक्स कंपनीच्या ‘व्हाइट लेडी’चं. हे मॉडेल इथंच, बॉस्टनमध्ये, १९०१ साली निघालं. मेपलला गडद रंग न देता लाकूड फिकटच ठेवलेलं. पण खरी करामत वरच्या टोन रिंगमध्ये आहे. खाली लाटांसारखी कापलेली धातूची पट्टी, तिच्यावर गोल सळई आणि त्या सळईवर ताणलेलं कातडं. कातडं लाकडाला टेकतच नाही, म्हणून आवाज असा खणखणीत सुटतो. कातडं ताणणारे हूक बसवायला कड्याला भोकंसुद्धा पाडलेली नाहीत. बाहेरून धातूचा पट्टा फिरवलाय, त्याला ते धरलेत. शंभर वर्षांनंतरही लाकूड अखंड आहे. किती जपून केलेलं काम, दादा!

१९०४ मध्ये फेअरबँक्सचा कारखाना जळाला आणि वेगा कंपनीनं तो धंदा विकत घेतला. व्हाइट लेडी पुढेही बनत राहिली. माझी पाच तारांची दांडी याच वेगाची, नंतरच्या काळातली. म्हणजे परक्या घरची नाहीच. तरी जोड आपोआप बसलेली नाही: दांडका जिथून आत शिरतो तिथं कुणीतरी मेपलची कागदाएवढी पातळ चकती सरकवलीय. बोट फिरवलं तरच कळते. ज्यानं बसवली त्याचं नाव कळलं असतं तर नमस्कार कळवला असता.

असे बँजो इथं बरेच सापडतात. १९२०च्या दशकात नाचाच्या बँडना चार तारांचे टेनर हवे होते, तेच भरपूर बनले. पुढे लोकसंगीताची लाट आली तेव्हा पाच तारा हव्याशा झाल्या आणि लोकांनी टेनरच्या जुन्या कड्यांना नव्या दांड्या बसवल्या. लोकगायक पीट सीगरनं तर आपल्या वेगा बँजोची दांडी तीन पडद्यांनी लांबवून घेतली होती.

तुझ्या सतारीचा भोपळा तडकला तेव्हा मिरजेहून दुसरा बसवून आणलास. तिला तू कधी खोटी म्हटलं नाहीस.

एकानं सुचवलं, दांडक्यावरचा आकडा घासून टाक, भाव वाढेल. मला राग आला. तो आकडा या दांडीची जन्मनोंद आहे. उलट मी चिठ्ठी लिहून केसमध्ये ठेवलीय: कडं कुठलं, दांडी कुठली, कोणते हूक नंतरचे. उद्या ज्याच्या हाती जाईल त्याला कुणी फसवू नये.

आता तुझ्याकडून सल्ला हवाय. बँजोची घोडी चिकटवलेली नसते, तारांच्या दाबानंच उभी राहते. माझी जरा जाड आहे, आवाज दबतो. माथा घासून पातळ करू की बुडाकडून? जवारी काढणाऱ्या तुझ्या माणसाला विचारून लगेच कळव.

तुझी,
धाकटी