हुलग्याचा वास

आषाढात कात्रजच्या घाटावरचे ढग खाली उतरले, नानासाहेब पेशव्यांच्या तळ्यावरून ओला वारा वस्तीत शिरू लागला, की मला अजून एक वास हवाहवासा वाटतो. शिजणाऱ्या हुलग्याचा. लसणात मुरलेला, किंचित कडसर, मुरमाड माळाच्या मातीची आठवण देणारा वास. दिवेलागणीला तो भिजल्या कौलांखालून हळूहळू गल्लीभर पसरायचा आणि कुणाकडे आज शेंगोळी आहेत हे न विचारताच कळायचं.

आजी परातीत हुलग्याचं पीठ घ्यायची, लसूण-मिरची-जिऱ्याचं वाटण घालून घट्ट मळायची, आणि मग तेलाच्या हातानं पोळपाटावर करंगळीएवढी वळी वळत, टोकाला टोक जुळवत, एकेक शेंगोळं ताटात मांडत राहायची. तिच्या शेजारी आई, आईशेजारी आम्ही पोरं. "हलक्या हातानं गं," एवढंच ती म्हणायची. वळता वळता सासरमाहेरच्या गोष्टी निघायच्या, कुणाचे डोळे भरून यायचे, बाहेर पाऊस वाढायचा. किती निवांत होतं ते सगळं!

आता माळावर इमारती उभ्या राहिल्या आहेत आणि घाटाखाली बोगदे झाले आहेत. हुलग्याचं पीठ मात्र मिळतं, चक्क पाकिटात मिळतं. भाकरीही पोळी-भाकरी केंद्रातून गरम गरम येते, आणि ऑफिसातून दमून आलेल्या बाईला तिचा केवढा आधार आहे! ज्वारी-बाजरीचं तर २०२३ साली जगानं भरडधान्य वर्ष साजरं केलं. हुलगा पडला कडधान्य, तो त्या कौतुकाबाहेरच राहिला. पण मला वाटतं, शेंगोळी आपल्या घरांतून गेली ती चव उतरली म्हणून नाही, पीठ मिळेना म्हणूनही नाही. ती वळायला संध्याकाळी एका पोळपाटाभोवती चार हात लागतात, आणि ते चार हात आता वेगवेगळ्या वेळी घरी येतात.

म्हणून सांगावंसं वाटतं, या पावसाळ्यात एखाद्या रविवारी पावशेर पीठ आणाच. पोरांना जवळ बसवा, त्यांची वळी वाकडी झाली तरी पुन्हा मोडू नका. फक्त पाण्याला खळखळून उकळी येऊ द्या आणि मगच शेंगोळी सोडा, नाहीतर ती विरघळतात.