डेकवर खेळ नको

माणदेशातल्या सांगोल्याच्या मुलांना समुद्र म्हणजे केवढी अपूर्वाई! २०१८ साली मुंबई-गोवा ‘आंग्रिया’ क्रूझ सुरू झाली आणि डाळिंबाच्या पट्ट्यातल्या कुटुंबांनाही जहाजाची सहल आवाक्यातली वाटू लागली. ती क्रूझ आता चालत नाही, पण तेव्हा बेत असा: संध्याकाळी निघायचं, सकाळी गोवा. पाहायला मिळायचे सूर्यास्त आणि पहाट, एवढंच. जहाजाच्या अशा सहलीतही पोराची मान मोबाईलवरच्या खेळात?

डेकवर खेळ नको, पण पूर्ण बंदीही नको. रात्री केबिनमध्ये आईबापांसोबत तासभर खेळू द्यावं.

असा नियम कसा पाळला जातो ते पाहा. सांगोल्यापासून फार लांब नाही, सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावमध्ये २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही-मोबाईल बंद होतात. मोठ्यांचेसुद्धा! खरी मेख इथेच आहे. आईबापांनो, डेकवर आधी तुमचे मोबाईल खिशात ठेवा.