भिंती कशाच्या आहेत?

बरेच दिवस इकडे काही लिहिणं झालं नाही. डोळ्यांचं निमित्त सांगता येईल, पण खरं कारण आळस. मध्यंतरी गोव्याला जाऊन आले. गोव्याची वर्णनं तुम्ही पुष्कळ वाचली असतील, त्यामुळे समुद्राबद्दल मी काही लिहिणार नाही. लिहायचंय ते उतरायची जागा कशी ठरली त्याबद्दल. ती ठरवायला आम्हा दोघी बहिणींना सव्वा महिना लागला. प्रवास चार दिवसांचा झाला!

आमच्या लहानपणी 'उतरायला जागा शोधणे' हा प्रकारच नव्हता. तुळजापूरला गेलं की आपल्या घराण्याच्या पुजाऱ्याकडे उतरायचं, पंढरपूरला मठात किंवा धर्मशाळेत. नांदेडला गुरुद्वाऱ्याच्या यात्री निवासात कुणालाही जागा मिळते हे लहान पोरालाही ठाऊक असतं. परगावी लग्नकार्य असेल तर जानवसा. हॉटेल म्हणजे चहा-भजी खायची जागा आणि लॉज म्हणजे बायकांनी नाव काढू नये अशी. शाळेच्या सहली मी एकोणीस वर्षं नेल्या. त्या त्या गावच्या शाळेच्या वर्गात बाकं सरकवून, सतरंज्या टाकून आम्ही झोपायचो. तेव्हा 'मला आवडेल अशी खोली' हा विचार माझ्या मनात पहिल्यांदा आला तो चौऱ्याहत्तराव्या वर्षी. उशीर झाला म्हणायचं, दुसरं काय!

धाकटी नांदेडला असते. माझ्याहून सहा वर्षांनी लहान. मागच्या दिवाळीत तिनेच विषय काढला. "ताई, आता दोघीच जाऊ कुठंतरी. देवाला नाही. नुसतं फिरायला." तिचे यजमान घरी रमणारे, आमचे हे जाऊन अकरा वर्षं झाली. मी हो म्हटलं. गोवा तिनेच ठरवलं आणि जागा बघायचं काम तिच्या सुनेकडे दिलं.

सून हुशार आहे. तिने आधी तारखा बघितल्या. नोव्हेंबरच्या शेवटी पणजीत चित्रपट महोत्सव असतो, ३ डिसेंबरला जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस झेवियरचं फेस्त, मग नाताळ ते नवीन वर्ष, पुढे कार्निव्हल. या दिवसांत खोल्यांचे भाव आकाशाला भिडतात. म्हणून जानेवारीतला मधला आठवडा, तोही रविवार ते बुधवार. शुक्रवार-शनिवारी तीच खोली दीडपट महाग होते. हे गणित मला फार आवडलं. आमच्या मोंढ्यातही आवक बघूनच भाव ठरतो की.

मग तिने तीन जागांचे फोटो पाठवले. पहिली कळंगुटकडची, चार मजली, पोहण्याच्या तलावाची. ती मी लगेच काढून टाकली, आम्हा दोघींना तलाव काय करायचाय? दुसरी पणजीच्या बसस्टँडजवळची. नवीकोरी इमारत, लिफ्ट, पांढऱ्या फरश्या, रोज अठराशे रुपये. तिसरी फोंतेन्हासमधली.

फोंतेन्हास म्हणजे पणजीतली जुनी पोर्तुगीज वस्ती. आल्तिनोच्या टेकडीच्या पायथ्याला एक झरा आहे, त्यावरून हे नाव पडलं. १८४३ साली पणजी अधिकृत राजधानी झाली, तेव्हा ही वस्ती आधीपासून होतीच. पिवळी, निळी, गेरूच्या रंगाची घरं, कौलारू छपरं, रस्त्यावर आलेले छोटे सज्जे. पांढरा रंग चर्चसाठी राखून ठेवायचा, बाकी घरांना दर पावसाळ्यानंतर रंग द्यायचा, असा पोर्तुगीजांच्या काळी दंडक होता. गोवा १९६१ साली मुक्त झाला. दंडक गेला, रंग राहिले. त्यातल्याच एका घराच्या मालकीणबाई चार-पाच खोल्या पाहुण्यांना देतात. लाल कोब्याची जमीन, खिडकीला काचेऐवजी शिंपल्यांची तावदानं, मधे एवढंसं अंगण. न्याहारीसह बत्तीसशे रुपये.

धाकटीचा लगेच फोन. "ताई, फोटो बघितलास का? आपल्या कंधारच्या वाड्यासारखं दिसायलंय बघ!"

मी म्हणाले, "बसस्टँडजवळची बरी आहे. स्वस्त पण आहे."

"अगं, स्लॅबच्याच खोलीत झोपायचं तर लातूर काय वाईट आहे? त्यासाठी गोव्यापर्यंत कामून जायचं?"

तिचं चुकत नव्हतं. पण मी अडून बसले. पहिल्यांदा पैशाचं कारण सांगितलं. ती म्हणाली, वरचे पैसे मी भरते. मग गुडघ्याचं सांगितलं, जुन्या घरात जिने उभे असतात. सुनेने तळमजल्याची खोली शोधून काढली. मग मी त्या जागेबद्दल लोकांनी लिहिलेले अभिप्राय वाचायला बसले. पेपर तपासायची सवय, त्यामुळे आधी नापासांचे बघते. पाच तारेवाले सगळे एकसारखंच लिहितात, माहिती मिळते ती एक-दोन तारेवाल्यांकडून. एकाने लिहिलं होतं, सकाळी चर्चच्या घंटेने जाग येते. एकाला टीव्ही नव्हता म्हणून राग. एकीला गरम पाणी यायला पाच मिनिटं लागली. म्हणजे जागा चांगलीच असणार! माझ्याजवळची सगळी कारणं संपली.

खरं कारण मी कुणाला सांगत नव्हते.

माझं सासर औसा तालुक्यातलं, तेरणेकाठचं. घर माळवदाचं. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. काळ्या दगडाच्या दोन-अडीच फूट रुंद भिंती, दगड मातीत बसवलेले. आतली एक फळी, बाहेरची एक फळी, मधे दगडगोट्यांची भर. वर लाकडाच्या तुळया, किलचन आणि त्यावर फूट-दोन फूट पांढरी माती. उन्हाळ्यात असं गार घर दुसरं नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा त्या गारव्यावरच खूश झाले होते. कंधारला आमच्या माहेरचा वाडाही तसलाच. पाऊस लागला की माळवदाखाली बसून आम्ही दोघी बहिणी कवड्या खेळायचो, आणि जगात याहून भक्कम काही नसेल असं वाटायचं.

२९ सप्टेंबर १९९३, अनंत चतुर्दशी. आम्ही दोघं विसर्जनाला गावी गेलो होतो. रात्री उशिरा सगळे परतले. आत उकडत होतं म्हणून आम्ही अंगणातच अंथरुणं टाकली. सासूबाई पण त्यांची वाकळ घेऊन बाहेर आल्या. त्यांना खोकला होता. मी म्हणाले, "आत्याबाई, गार वारं सुटलंय, तुम्ही आत झोपा." त्या आत गेल्या.

पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जे झालं ते सगळ्यांना माहीत आहे. त्या पहाटे सुमारे १० हजार माणसं गेली. बहुतेक सगळी आपापल्या घराच्या भिंतींखाली आणि माळवदाच्या मातीखाली. नंतर पाऊस लागला, माती आणखीच जड झाली. आत्याबाईंना दुसऱ्या दिवशी दुपारी काढलं.

नंतर इंजिनिअर लोक आले, त्यांनी समजावून सांगितलं. भिंतीच्या दोन फळ्यांना बांधून ठेवणारे आरपार दगड नव्हते, त्यामुळे दोन्ही फळ्या सुट्या झाल्या आणि वरचं ओझं खाली आलं. आणखी एक गोष्ट तेव्हा कळली. भूकंपाच्या धोक्याचा जो सरकारी नकाशा होता, त्यात आमचा भाग सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात दाखवलेला होता. मी भूगोल शिकवायची. तो नकाशा मी फळ्यावर काढलेला आहे.

बावन्न गावं उठवून नव्या जागी वसवली. आमचं घरही नव्या गावठाणात गेलं. मी मात्र तेव्हापासून दगडी भिंतीच्या घरात रात्री झोपलेली नाही. पाहुण्यांकडे गेले तर काहीतरी निमित्त काढून गच्चीवर किंवा ओसरीवर. भाचीचं लग्न एका जुन्या वाड्यात होतं, तेव्हा 'मला डास सहन होत नाहीत' म्हणून रात्रीच परतले. लोकांना मी विक्षिप्त वाटत असेन. वाटू दे.

आता हे धाकटीला का नाही सांगितलं? तिला सासूबाई गेल्या हे माहीत. आत जा असं कुणी सांगितलं ते माहीत नव्हतं. यांना माहीत होतं. एकवीस वर्षं आम्ही बरोबर राहिलो त्यानंतर, त्यांनी एकदाही तो विषय काढला नाही. त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे, आणि कधी कधी वाटतं की एकदा भांडले असते तर बरं झालं असतं. असो.

तर डिसेंबरच्या एका दुपारी मी सुनेकडून त्या फोंतेन्हासच्या घराचा नंबर घेतला आणि सरळ फोन लावला. (एक उपयोगाची गोष्ट सांगून ठेवते. फोटो कुठेही बघा, पण शेवटचा फोन जागेच्या मालकाला करा. मला त्यांनी दोनशे रुपये कमी केले आणि आगाऊ रक्कम किती दिवस आधी कळवली तर परत मिळते तेही स्पष्ट सांगितलं. कर भाड्यात धरलाय का, कमोड आहे का, गाडी दारापर्यंत येते का, हेही तेव्हाच विचारून घ्यावं.) हे सगळं विचारून झाल्यावर मी विचारलं, "भिंती कशाच्या आहेत?"

पलीकडे थोडा वेळ शांतता. मालकीणबाई वयस्कर असाव्यात. म्हणाल्या, "चिऱ्यांच्या, बाय. चिरे आणि चुना."

"छपरावर माती आहे का?"

"माती? नाही. लाकूड आणि नळे." नळे म्हणजे कौलं.

चिरा म्हणजे जांभा. तो आमच्या काळ्या दगडासारखा गोल, ओबडधोबड नसतो. विटेसारखा चौकोनी कापतात, थरावर थर सांधे मोडून बसवतात. वजनालाही हलका. आणि कौलारू छपराचं ओझं ते काय? त्यांनी का विचारता असं विचारलं नाही. उलट म्हणाल्या, "तुम्हाला अंगणाकडची खोली देते. दार उघडलं की बाहेर." मी लातूरची आहे एवढंच त्यांना सांगितलं होतं. त्यावरून त्या काही समजल्या की नाही, देव जाणे.

मी धाकटीला कळवलं, फोंतेन्हास चालेल. ती इतकी खूश झाली की मला लाज वाटली.

नांदेडहून ती गाडी घेऊन लातूरला आली. तुळजापूर, सोलापूर, कोल्हापूर. 'देवाला नाही' म्हणत म्हणत तुळजाभवानी आणि अंबाबाई दोन्ही झाल्या! कोल्हापूरला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी आंबोली घाटाने खाली उतरलो.

घर फोटोतल्यापेक्षा लहान होतं, पण खोटं नव्हतं. दुपारी शिंपल्यांच्या तावदानांतून दुधासारखा उजेड यायचा. न्याहारीला पाव आणि पातळ भाजी. गल्लीत दिवसभर फोटो काढणाऱ्यांची गर्दी असते, तिचा मात्र त्रास होतो. लोकांच्या दारात उभं राहून फोटो काढायचे म्हणजे काय? घरमालकांनी पाट्या लावल्यात तरी ऐकत नाहीत. संध्याकाळी सातनंतर गल्ली परत राहणाऱ्यांची होते.

पहिल्या रात्री मी दार उघडंच ठेवलं होतं. झोप लागली, पण तीनला डोळा उघडला तो उघडलाच. उठून अंगणातल्या दगडी बाकावर जाऊन बसले. थोड्या वेळाने धाकटी शाल घेऊन बाहेर आली. शेजारी बसली. मला वाटलं, विचारेल काय झालं. तिने विचारलं नाही. मग मीच सांगितलं. आत्याबाईंची वाकळ, खोकला, सगळं.

ती म्हणाली, "ताई, भाऊजींनी मला तवाच सांगितलं होतं. त्या आठवड्यात मी आले होते की पत्र्याच्या शेडवर. ते म्हणले, हिला कधी एकटं सोडू नका आणि काही विचारू पण नका."

"मग हे जुनं घर कशाला धरून बसली होतीस?"

"मला वाटलं, तू नाही म्हणशील आणि एकदा तरी सांगशील कामून ते. तू तर हो म्हणलीस. मलाच झोप नव्हती आठ दिवस."

टेकडीकडून कोंबडा आरवला. राजधानीच्या गावात कोंबडा, याचं आम्हा दोघींना उगीचच हसू आलं. चार कधी वाजून गेले ते बघितलंच नाही. थंडी वाजायला लागली तशी धाकटी आत गेली, तिच्या मागोमाग मीही गेले.

दुसऱ्या रात्री परत जाग आली. तिसऱ्या रात्री आली असेल तर आठवत नाही.

निघताना मालकीणबाईंनी कोकमाची बाटली हातात दिली. धाकटी हिशेब करता करता त्यांना विचारत होती, पावसाळ्यात भाव किती उतरतो म्हणून. बराच उतरतो म्हणाल्या. पण मला पावसात कौलं गळतात का ते आधी विचारायचंय. फोन नंबर आहे माझ्याकडे.