झाकलेले ताट

दिवाळीत शेजारून येणाऱ्या फराळाच्या ताटावर विणलेला रुमाल असतो आणि तो उचलण्यापूर्वीच लाडू रव्याचा की बेसनाचा, हे मुलांना वासावरून कळते. १९५८ साली नगरला आमच्या घरी आलेले असे एक ताट रुमाल न उचलताच परत गेले. नेऊन देण्याचे काम माझ्याकडे आले. मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो.

दादा मिशनच्या शाळेत मास्तर होते. शाळेच्या दौतीतली शाई खाजगी पत्राला वापरायची नाही, म्हणून घरी निराळी दौत असे. त्या सकाळी त्यांनी ताट घेऊन आलेल्या काकूंच्या मुलाला एवढेच विचारले, "देवाला दाखवलंय का रे?" तो अभिमानाने म्हणाला, "मग! आधी देवाला, मग तुम्हाला." झाले! मूर्तीपुढे ठेवलेले अन्न खाणे दादांच्या मनाला मानवेना. आई काहीतरी पुटपुटली, पण तिचे ऐकतो कोण? मी ताट घेऊन निघालो. काकू रागावल्या नाहीत. "असू दे हो," एवढेच म्हणाल्या. रागावल्या असत्या तर मला बरे वाटले असते.

हा प्रश्न दादांच्या आधी एकोणीसशे वर्षे करिंथ शहरात उठला होता. देवळात बळी दिलेल्या जनावरांचे मांस तिथल्या बाजारात विकायला येई; ते ख्रिस्ती माणसाने खावे का? पौलाचे उत्तर मोठे व्यवहारी आहे. मूर्ती म्हणजे काहीच नव्हे, तेव्हा बाजारात मिळेल ते खुशाल घ्या, जेवायला बोलावले तर पुढे येईल ते खा, उगाच चौकशी करू नका. मात्र हे देवाला वाहिलेले आहे असे कोणी मुद्दाम सांगितले, तर सांगणाऱ्याच्या मनासाठी थांबा. आणि आपल्या खाण्याने एखाद्या दुबळ्या मनाच्या भावाला ठेच लागणार असेल, तर तो मांसच सोडायला तयार आहे. दादांना ते पत्र तोंडपाठ होते. चौकशी न करण्याचा भाग तेवढा त्या सकाळी आठवला नाही.

आमच्या बायबलात या आतल्या साक्षीदाराला 'सद्सद्विवेकबुद्धी' म्हणतात. शब्द जड खरा, उच्चारतानाच धाप लागते! पौलाच्या ग्रीक शब्दात नुसते 'सोबत जाणणे' आहे. जुन्या करारात तर निराळा शब्दच नाही, तिथे काळीजच हे काम करते. शौलाच्या झग्याचा काठ कापला तेव्हा दावीदाला त्याचे काळीजच टोचू लागले. आणि लॅटिन भाषेत मनाच्या टोचणीला जो शब्द आहे, त्याचा मूळ अर्थ टोकदार बारीक खडा. चपलेत खडा शिरला तर माणूस थांबतो, काढतो आणि पुढे जातो. पण काहीजण पावलोपावली चप्पल झटकत बसतात. मठात असताना मार्टिन ल्यूथर तासन्‌तास पापे कबूल करी आणि तरी काही राहून गेले असेल या भीतीने तळमळे. उलट काहींचा तळवाच इतका निबर होतो, की खडा आहे की नाही याचा पत्ताच लागत नाही.

पुढल्या वर्षी ताट उजाडण्यापूर्वीच आले. तोच मुलगा. "आईनं सांगितलंय, तुमचं आधी काढलंय. नैवेद्य अजून व्हायचाय."

देवाला दाखवल्यावाचून पोटच्या पोरालाही चकलीचा तुकडा न देणारी ही बाई! दादांच्या मनाला लागू नये म्हणून तिने स्वतःच्या मनाचा नेम मोडला होता. पौलाचे पत्र तिने कुठून वाचलेले असणार? दादा ताट हातात धरून तसेच उभे राहिले. मग टोपी घालून काकूंच्या उंबऱ्यापाशी गेले. "वहिनी, पुढल्या वर्षी आधी देवाला दाखवा, मग पाठवा. मी विचारणार नाही."

दादांचा विश्वास पातळ झाला, असे मंडळीतले एकदोघे म्हणाले. मला ते पटत नाही. शाईची दौत शेवटपर्यंत निराळीच राहिली.

मी मात्र ताटाकडे पाहिले, दौतीकडे पाहिले नाही. १९८६ साली फिरतीवर मित्राच्या मोटारीतून गेलो आणि एस.टी.चे भाडे लावले, अठरा रुपये. सगळेच लावीत. त्याच संध्याकाळी चार पाहुण्यांपुढे शेजाऱ्यांचा फराळ आणि ख्रिस्ती मनाचा मोठेपणा यांवर मी रंगून बोललो. दादा कोपऱ्यात बसले होते. पाहुणे गेल्यावर त्यांनी सहज विचारले, "गाडीला गर्दी होती का रे?"

"होती," मी म्हणालो.

त्यांनी विश्वास ठेवला. दुसऱ्या वर्षी ते गेले. अठरा रुपये मी पुढे चलनाने सरकारात भरले, त्याची पावती माझ्याजवळ आहे. "होती" हा शब्द कुठे भरायचा, ते अजून सापडलेले नाही.

नाताळात आमचे ताट काकूंकडे जाई. करंज्या, चकल्या, शेवेचे लाडू. काकू जुन्या वळणाच्या. त्या स्वतः त्यातले काही खात की मुलांना वाटून टाकीत, कोण जाणे. ताट मात्र घासून, त्यात मूठभर साखर घालून परत येई. एकदा मी आईला विचारले, "काकू खातात का गं आपलं?"

आईने रुमालाची घडी घातली. म्हणाली, "साखर डब्यात ओत."