निर्णयाच्या खुर्चीत बसून बघ

बिलनपुरा, अचलपूर
ऑगस्ट अखेर

चि. मुक्तास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र परवा मिळालं. इकडे सगळे खुशाल आहेत. आजीला पत्र वाचून दाखवलं. मेसमध्ये पोटभर जेवतेस की नाही, एवढं तिला पुढच्या पत्रात नीट लिही.

आता तुझ्या तक्रारीकडे येतो. स्ट्रॅटेजीच्या तासाला दर वेळी एक केस वाचून जावी लागते, आदल्या रात्री गटात बसून तिची चिरफाड करावी लागते, वर्गात सगळे तासभर वाद घालतात आणि सर शेवटी उत्तर न सांगताच निघून जातात, असं तू लिहितेस. बी.कॉम.पर्यंत प्रत्येक प्रश्नाला एक उत्तर आणि प्रत्येक उत्तराला ठरावीक गुण, अशी सवय झालेल्या मुलीला हे अन्यायाचं वाटणं साहजिक आहे. मी हाच मॅनेजमेंटचा अभ्यास करून पुढे कापसाच्या धंद्यात वर्षं काढली, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. माझं मत आधीच सांगून टाकतो: या दोन वर्षांत तुला शिकवल्या जाणाऱ्या सगळ्या गोष्टींत ही चर्चाच सर्वांत मोलाची आहे. फक्त ती कशी करायची हे कळलं पाहिजे.

ही पद्धत कुठून आली ते आधी बघ. अमेरिकेत हार्वर्डच्या कायदा महाविद्यालयात लँगडेल नावाच्या प्राध्यापकाने 1870 मध्ये व्याख्यानं बाजूला ठेवली आणि विद्यार्थ्यांना थेट न्यायालयांचे निकाल वाचायला लावले. तिथेच शिकलेला वॉलेस डोनम 1919 मध्ये हार्वर्डच्या बिझनेस स्कूलचा डीन झाला. वकिलाला निकालपत्रं मिळतात, तसं व्यापाऱ्याला काय द्यायचं, हा त्याच्यापुढचा प्रश्न होता. त्यातून 1921 मध्ये एका जोड्यांच्या कारखान्यावर पहिली केस लिहिली गेली. 1961 मध्ये अहमदाबादला आयआयएम उभी राहिली तेव्हा हार्वर्डशी करार झाला आणि ही पद्धत आपल्याकडे आली. तिथून ती देशभरच्या संस्थांत पसरली.

पण उदाहरणातून शिकवणं आपल्या मातीला नवं नाही. आपल्याच जिल्ह्यातलं रिद्धपूर हे महानुभाव पंथाचं ठिकाण. चक्रधरस्वामींनी सांगितलेले दृष्टान्त केशिराजबासांनी एकत्र केले, तो ‘दृष्टान्तपाठ’ तू ऐकून असशील. त्यात 114 दृष्टान्त आहेत आणि प्रत्येकाची मांडणी तीन पायऱ्यांची: आधी सूत्र, मग दृष्टान्त, मग दार्ष्टान्तिक, म्हणजे त्या गोष्टीचं सूत्राशी नातं. तुझ्या वर्गात याचा क्रम उलटा आहे. तुझ्या हातात फक्त दृष्टान्त देतात. सूत्र तू शोधायचं आणि ते कुठवर लागू पडतं हेही तूच ठरवायचं. सर उत्तर सांगून गेले असते, तर ते काम त्यांनी केलं असतं, तू नाही.

आता केस कशी वाचायची ते आपल्या गावच्या एका केसवरून सांगतो. ती कुणी छापलेली नाही, पण आपण सगळ्यांनी पाहिली आहे: शकुंतला रेल्वे.

लहानपणी तू तिच्यात बसली आहेस. अडीच फुटी रूळ, अचलपूर ते मूर्तिजापूर सुमारे 76 किलोमीटर, वाटेत पथ्रोट, अंजनगाव, दर्यापूर. मूर्तिजापूरहून दुसरा फाटा यवतमाळला. मालकी किलिक निक्सन या ब्रिटिश व्यापारी पेढीने उभ्या केलेल्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीची. गाड्या चालवायच्या जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेने आणि पुढे मध्य रेल्वेने. 1951 मध्ये देशातल्या रेल्वेचं राष्ट्रीयीकरण झालं, पण ही छोटी कंपनी त्यातून बाहेर राहिली आणि करार पुढे चालत राहिला. 1994 पर्यंत वाफेचं इंजिन होतं, मग डिझेलचं आलं. आता गेली काही वर्षं गाडी बंद आहे आणि रुळांवर गवत वाढलं आहे.

वर्गात ही केस दिली तर बहुतेक जण काय म्हणतील? जुनाट तंत्र, ताशी वीस किलोमीटरचा वेग, गाडी बंद पडणारच होती. हा निकाल आज बसून दिलेला आहे आणि शेवट माहीत असताना दिलेल्या निकालाला काही किंमत नसते. म्हणून पहिला नियम: केसमधली तारीख बघ आणि त्या तारखेच्या पुढचं सगळं विसर.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईच्या कचेरीत बसलेल्या त्या कंपनीच्या माणसाच्या खुर्चीत बसून बघ. त्याच्यापुढे काय आहे? मुंबई-नागपूर मुख्य मार्ग 1867 पासून वऱ्हाडातून जातोय. अमेरिकेतल्या 1861 ते 1865 च्या यादवी युद्धात तिथला कापूस अडला आणि इंग्लंडच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडाकडे वळली. त्यानंतर इथला पेरा वाढतच गेलाय. अचलपूर, अंजनगाव, दर्यापूर हा भरघोस कापसाचा पट्टा, पण मुख्य मार्गापासून दूर. पावसाळ्यात काळ्या मातीत बैलगाडीची चाकं आसापर्यंत रुततात. शंभर किलो कापसातून रुई निघते जेमतेम तेहतीस-चौतीस किलो, बाकी बहुतेक सरकी. म्हणजे जिनिंग गावाजवळच केलं तर वाहायचं वजन एकदम उतरतं. मोठ्या रुळांचा खर्च भारी आहे. लहान रुळांचा कमी, पण मूर्तिजापूरला प्रत्येक गठाण एका डब्यातून उतरवून दुसऱ्या डब्यात चढवावी लागणार आणि ती हमाली कायमची.

आता सांग, तू काय केलं असतंस? हिशोब मांडलास तर तुझ्या लक्षात येईल, की लहान रुळांचा निर्णय त्या दिवशी शहाणपणाचा होता. माल ठरावीक हंगामात येणारा, सगळा एकाच दिशेने जाणारा, घाई नसलेला. त्याला वेग नको होता, स्वस्त रस्ता हवा होता.

मग चुकलं कुठे? इथे दुसरा नियम येतो: खुर्ची बदल. कंपनीच्या खुर्चीतून उठून स्वतंत्र भारताच्या रेल्वे अधिकाऱ्याच्या खुर्चीत बस. तोवर ट्रक आलेत. कापूस हळूहळू रस्त्यावर गेलाय. गाडीत आता गठाणींच्या जागी माणसं बसली आहेत: दर्यापूरच्या बाजाराला निघालेली बाई, मूर्तिजापूरला मोठी गाडी पकडणारा पोरगा, लग्नाचं वऱ्हाड. या मार्गाचं गिऱ्हाईकच बदललं, पण कापसासाठी ठरवलेला वेग, रूळ आणि करार तसेच राहिले. रुळाची मालकी एकाकडे आणि गाडी चालवणं दुसऱ्याकडे, अशा व्यवस्थेत नव्या गिऱ्हाइकासाठी पैसा घालायची ओढ दोघांनाही नव्हती. माझं निदान असं, की कापूस गेल्यावर हा धंदा नेमका कशाचा, हा प्रश्न कुणी टेबलावर ठेवलाच नाही. तुझं निदान वेगळं असू शकेल. ते मांड, आकडे दे, मी ऐकीन.

मग त्या बाजाराला निघालेल्या बाईच्या खुर्चीतही बस. तिच्यासाठी ती गाडी सर्वांत स्वस्त वाहन होती. कंपनीच्या आणि रेल्वेच्या, दोघांच्याही वहीत तिचं तिकीट दिसतं, पण गाडी बंद झाल्यावर तिच्या कनवटीतून जे जास्तीचे पैसे जातात ते कुठल्याच वहीत दिसत नाहीत. तुझ्या वर्गातल्या केसमध्ये नायक बहुतेक वेळा मुख्याधिकारीच असतो. ज्यांच्यावर निर्णय येऊन आदळतो ते केसच्या पानांत क्वचितच असतात. त्यांना वर्गात आणणं हे तुझं काम समज.

आता दुसरी केस म्हणून फिनले मिलकडे बघ. मुंबईची ही जुनी गिरणी राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने आपल्या अचलपुरात आणली. कापूस पिकतो तिथेच सूत काढावं, हा विचार कागदावर बिनतोड वाटतो. मार्च 2020 च्या टाळेबंदीत महामंडळाच्या देशभरातल्या गिरण्या थांबल्या, त्यात हीसुद्धा थांबली. वर्गात यावर विचारण्यासारखे प्रश्न आहेत: कच्चा माल जवळ असणं गिरणी चालायला पुरेसं असतं का? विजेचा दर, खेळतं भांडवल, सुताचं गिऱ्हाईक, निर्णय दिल्लीत होण्याला लागणारा वेळ, यांतलं काय सर्वांत जड? आणि कामगाराच्या खुर्चीतून हीच केस कशी दिसते? पगाराच्या वाटेकडे डोळे लावून बसलेल्या घरांमधूनच तू गेली आहेस. हे तुझ्या वर्गात फार थोड्यांना ठाऊक असेल.

यातून स्ट्रॅटेजी म्हणजे काय याची माझी समजही सांगतो. पुस्तकात अनेक व्याख्या आहेत. मायकेल पोर्टरचा 1979 चा पाच शक्तींचा लेख तू वाचशीलच आणि तो वाचायलाच हवा. पण माझ्यापुरती कसोटी सोपी आहे: जो निर्णय लवकर मागे घेता येत नाही, तो स्ट्रॅटेजीचा. अडीच फुटी रूळ टाकले, पुढच्या शंभर वर्षांच्या गाड्या ठरल्या. आपल्याकडे कास्तकार संत्र्याची कलमं लावतो, झाड फळावर यायला पाच-सहा वर्षं लागतात. त्या एका पावसाळ्यात त्याने पुढची वीसेक वर्षं बांधून घेतलेली असतात. यंदाचा बहार कुणाला विकायचा हा त्यानंतरचा प्रश्न.

तोसुद्धा लहान प्रश्न नाही म्हणा. आता इकडे आंबिया बहाराची फळं झाडावर आहेत. व्यापारी बगीचा फिरून जातात, झाडावरच्या मालाचा एकरकमी सौदा करतात, विसार हातावर ठेवतात. कास्तकाराने आता विकावं, की थांबावं? थांबला तर फळगळ त्याच्या माथी, विहिरीचं पाणी कमी, सोसायटीचं व्याज चालू. विकला तर भाव चढल्यावर हळहळ. आपल्या संत्र्याचं मोठं गिऱ्हाईक बांगलादेश, आणि त्यांनी आयातशुल्क वाढवत नेलंय. ढाक्यात घेतलेला निर्णय परतवाड्याच्या बाजारात उतरतो. चार जणांनी मिळून शेतकरी उत्पादक कंपनी काढावी, प्रतवारी करून माल स्वतः पाठवावा, हा तिसरा रस्ता. पण त्याला भांडवल आणि भरवसा दोन्ही लागतात. पोर्टरच्या भाषेत खरेदीदाराची ताकद म्हणतात ती हीच. फरक एवढाच की इथे ती ताकद विसाराच्या नोटा मोजत बांधावर उभी असते.

आता तुझ्या पत्रातल्या शेवटच्या ओळीबद्दल. तू लिहिलंस, वर्गात बोलायला जीभ रेटत नाही, मोठ्या शहरांतली मुलं फाडफाड इंग्रजी बोलतात आणि मी गप्प बसते. पोरी, चर्चेत भाषेचा तोरा पहिली पाच मिनिटं टिकतो. त्यानंतर वर्ग त्याचं ऐकतो ज्याने परिशिष्टातला तक्ता नीट वाचला आहे. म्हणून रोज तयारी करताना तीन गोष्टी वहीत लिहून ठेव: निर्णय कुणी घ्यायचाय आणि कधीपर्यंत, तू काय करशील ते एका वाक्यात, आणि त्यामागचा एक आकडा, जो तू स्वतः काढला आहेस. चर्चा तापायच्या आत हात वर कर आणि तो आकडा सांग. इंग्रजी अडलं तर अडू दे. तुझं मत कुणी खोडलं तर त्याचा राग धरू नकोस. त्याच्याकडे तुझ्याकडे नसलेली माहिती आहे का ते बघ. असेल तर मत बदल आणि सगळ्यांसमोर बदललं म्हणून सांग. नसेल तर ठाम राहा. पुढे नोकरीत तुला बैठकीत हेच करायचं आहे, आणि तिथे परीक्षेतल्या गुणांऐवजी माणसांचे पगार पणाला लागलेले असतात.

शेवटचं आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचं. तुझ्या वाचनाच्या यादीत अमेरिकन मोटारी आहेत, विमान कंपन्या आहेत, शीतपेयं आहेत. ते सगळं वाच. पण 2010 मध्ये हार्वर्डच्या प्राध्यापकाने मुंबईच्या डबेवाल्यांवर केस लिहिली, तेव्हा जगभरच्या वर्गांत मावळातली साधी माणसं अभ्यासाचा विषय झाली. वऱ्हाडावर अशा किती केस लिहायच्या राहिल्या आहेत! शकुंतला आहे, फिनले आहे, मेळघाटच्या सागवानावर उभा राहिलेला परतवाड्याचा लाकूडबाजार आहे, संत्र्याचा बगीचा आहे. बाहेरचा माणूस येऊन लिहील तेव्हा त्याला इथला शब्द आणि इथला हिशोब दोन्ही समजायला वेळ लागेल. तुला ते घरातच मिळाले आहेत.

म्हणून दिवाळीच्या सुट्टीत येशील तेव्हा एक काम कर. एका संत्र्याच्या बगीचेवाल्याबरोबर आणि एका व्यापाऱ्याबरोबर बस, मी दोघांशीही बोलून ठेवतो. दोघांचे हिशोब लिहून घे, तारीख घाल, निर्णय अर्धवट सोड, आणि ती केस तुझ्या सरांच्या हातात दे. वर्गातल्या सगळ्यांना एकदा तरी अचलपूरच्या कास्तकाराच्या खुर्चीत बसू दे.

तब्येतीला जप. पत्राचं उत्तर लवकर पाठव.

तुझा,
मामा