हत्यार की अवजार?

गेल्या हिवाळ्यात आमचा धाकटा मुलगा कॉलेजच्या मुलांबरोबर राजमाचीला निघाला. कर्जतहून कोंदिवडे, तेथून कोंढाणे लेणी पाहून वर गडावर मुक्काम, असा बेत होता. लेणी पाहायला मिळणार म्हणून त्याची आई खूष होती. पण सॅक भरताना त्याने एक सुरा बाहेर काढला आणि घर गप्प झाले.

बाजारातून नऊशे रुपयांना आणलेला. आठ इंची काळे पाते, पाठीवर करवतीचे दात, मुठीच्या टोकाला होकायंत्र. आई म्हणाली, "पंचशील घेणाऱ्या घरात हे कशाला?"

"आई, दोरी कापायला, काटक्या तासायला लागतो," तो म्हणाला.

माझी भीती वेगळीच होती. तरुणपणी कामावरून परतताना पिशवीतल्या कानस-छिन्नीपायी मला एका चौकीत दोन तास बसवले होते. आधी वस्ती विचारली, मग आडनाव, शेवटी काम. "हत्यारं कशाला बाळगतोस?" फिटर हत्यारेच बाळगतो, हे पटवून देता देता रात्र झाली. आता तीच पाळी पोरावर नको.

तरी मी नाही म्हटले नाही. सुरा हातात घेऊन पाहिला. मूठ पोकळ, पाते आत जेमतेम इंचभर, पेचाने अडकवलेले. पाते वाईसमध्ये धरून मूठ दाबली, तर कट्कन तुटली. पोराचा चेहरा उतरला. म्हटले, "नऊशे रुपये गेले, पण हात वाचला."

दुसऱ्या दिवशी दोघे लोहाराकडे गेलो. त्याने ट्रकच्या कमानीच्या पाट्यातून सुरी करून दिली. पाते चार इंची, साडेतीन मिलिमीटर जाड, धार एकाच बाजूला. पोलाद मुठीच्या टोकापर्यंत एकसलग, दोन्ही बाजूंना सागाच्या पट्ट्या रिव्हेटने बसवलेल्या. साडेचारशे रुपये झाले. म्यान मी जुन्या पट्ट्याच्या कातड्याचे शिवले.

मुक्कामाला चार इंची पाते पुरते. घडीच्या चाकूच्या सांध्यात माती जाते, आणि जोर दिला तर तो बोटावर मिटण्याची भीती असते. पात्याला पाणी नीट दिले आहे का, हे पाहायला धारेवर कानस हलकेच फिरवावी. ती सहज खाऊ लागली तर पाते मऊ आहे. कमानीचे पोलाद धार चांगली धरते, पण गंजते. काम झाले की पुसून खोबरेल तेलाचे बोट फिरवावे. पावसाळ्यात जाणाऱ्याने स्टेनलेस घेतलेले बरे. आणि उभ्या झाडाला हात लावू नये, पडलेली काटकीच घ्यावी.

कायदाही माहीत असावा. शस्त्र नियम २०१६ नुसार घरकामाची व शेतीची अवजारे सोडून नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचा सुरा परवान्याच्या शस्त्रांत मोडतो. शिवाय महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७ खाली मनाई आदेश लागू असेल, तर छोटी सुरीही गोत्यात आणू शकते. म्हणून ती कमरेला लावून मिरवू नये. म्यानात घालून सॅकच्या तळाशी ठेवावी.

आईची समजूत मात्र अजून पटायची होती. मी म्हटले, "भिक्खूच्या आठ वस्तूंत वस्तराही असतो. भगवंतांनी शस्त्रांचा व्यापार निषिद्ध सांगितला, अवजार नव्हे. कशासाठी हातात धरतो, ते महत्त्वाचे." ती काही बोलली नाही, पण सुरी तिनेच सॅकमध्ये ठेवली.

पोरगा सुखरूप परतला. कोंढाण्याचे चैत्यगृह पाहून भारावला होता. कण्हाचा शिष्य बलक याने हे केले, असा लेख तेथे आहे. "बाबा, दोन हजार वर्षांपूर्वी एवढा कातळ छिन्नीने कोरला!" तो सांगत होता. मला माझी पिशवीतली छिन्नी आठवली.

एक गोष्ट त्याने नंतर सांगितली. निघताना त्याने सहलीचे कॉलेजचे पत्र सुरीसोबत ठेवले होते. सुऱ्या आणखी तिघांकडे होत्या. पत्र मात्र त्याने एकट्यानेच घेतले होते. मी त्याला तसे कधी शिकवले नव्हते.

ती सुरी आता स्वयंपाकघरात आहे. त्याची आई तिने भोपळा चिरते.